पुन्हा विका

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
क्वार्टर गेटच्या आमच्या देवळात हंगामाचा सण.
शेत आता कुणाचंच नाही,
तरी वेदीपाशी ऊस उभे करतात,
मार्केट यार्डातून पहाटे आणलेली कणसं,
आणि उपासना सुटली की अंगणात लिलाव.
उजागरे सर स्टुलावर चढतात,
ताटलीवर चमचा वाजवतात: एक वार, दोन वार...
रणनवरेबाई भोपळा सव्वादोनशेला घेतात
आणि लगेच टेबलावर ठेवतात: पुन्हा विका.
तसा रिवाजच आहे.
लहानपणी वाटायचं, भोपळ्याला काय वाटत असेल
दर वेळी कुणाच्या तरी कडेवर जाऊन
परत येताना.

आता विचारायची गरज नाही.

शांतवनचा छापखाना बंद पडला त्या वर्षी
मी गावरान कोंबडी नेली होती.
पगार नाही आणि कोंबडी? तो म्हणाला.
म्हटलं, प्रभूला आपल्या पगाराचं काय सांगायचं.
असं तोंड वर करून बोलणं
तेव्हा जमायचं.

मग त्याच्या किडन्या. ससूनचा बाक,
मंगळवार-शुक्रवार, दोन वर्षं.
तो आत, मी बाहेर स्वेटर विणत.
झाला की उसवायचे, पुन्हा विणायचे,
लोकर तेवढीच होती.
पाळकसाहेब घरी आले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले,
आवडत्या लेकरांचीच तो परीक्षा बघतो.
मी चहा ओतत म्हटलं, साहेब,
त्याला म्हणावं, आता दुसरी आवडती शोध.
ते हसले नाहीत.
मीही नाही.

सोलापूर रस्त्याच्या दफनभूमीत जागा उरलेली नाही.
म्हणून पाच वर्षांनी प्रबोध गेला
(रात्रपाळी सुटलेली, हडपसरचा पूल, मागून टेम्पो)
तेव्हा बापाचीच कबर उघडली.
दगडावर त्याच्या नावाखाली दोन बोटं सोडून याचं.
कोरणारा अक्षरावर पैसे घेतो.
‘प्र’ जोडाक्षर, त्याचे त्यानं दोन धरले.
शांतवन असता तर भांडला असता,
जन्मभर खिळे जुळवलेला माणूस.
मी देऊन टाकले.

त्या वर्षी सणाला गेले नाही. पुढच्याही नाही.
शास्त्र शिलाई मशीनवर पडून, वर ब्लाउजची कापडं.
फक्त रात्री दिवा घालवताना
सवयीनं तोंडातून निघायचं, हे बापा,
आणि मी तिथंच थांबायचे.
पुढे वाक्य नाही. मागणं नाही.
उंबऱ्यावरून नुसती हाक मारावी,
आत कुणी आहे की नाही ते न बघता, तशी.
दोन वर्षं तेवढ्यावर निभलं.

यंदा सुईत दोरा जाईना.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू.
गेलं ते परत येत नाही,
उरलंय ते सांभाळा.

घरात द्यायजोगं काही नव्हतं.
रंगाच्या डब्यात लावलेल्या झाडाचा कढीपत्ता,
दहा काड्या, सुतळीनं बांधल्या,
येरवड्याहून बसनं नेल्या.
सुवार्ताबाईंचा कढीपत्ता! दहा रुपये!
कुणीतरी हसलं. नगरचा एक नर्सिंगचा पोरगा
वीस म्हणाला, घेतला, परत ठेवला.
रणनवरेबाई साठ. हुंगून परत ठेवला.
पुन्हा विका.

एकशे एक, मी म्हटलं.
बसभाडं सोडून तेवढेच होते.
उजागरे सर चमचा धरून थांबले,
आपलीच वस्तू आपण घेत नसतात.
मग हळूच, तीन वार.

आणि मी परत ठेवला नाही.
जुडी पदरात घेतली, फाटकाबाहेर आले,
एका मुलीला बसचा नंबर वाचायला लावला.
सगळ्या बसभर वास.

रात्री आमटीला फोडणी दिली. चार पानं जास्तच पडली.
दिवा घालवताना म्हटलं, हे बापा,
आणि यंदा थोडी पुढे गेले.
भांडणच होतं ते.
पण बऱ्याच उशिरापर्यंत चाललं.